बर्फावर अनवाणी

माय, काल पेटी आवरताना ते जाड लोकरी मोजे सापडले. कसर लागून त्यांची पार चाळण झाली आहे. फेकायला निघाले आणि मोजे हातात धरून तिथेच बसले, कारण त्यांची गोष्ट तुला सांगायची राहून गेली. सांगणार तरी कशी, तू त्याच्या आधीच्या पौषातच गेलीस.

मी चार वर्षांची होईपर्यंत उभीसुद्धा राहत नव्हते, हे मला तुझ्याच तोंडून माहीत. भरवेलीच्या खाणीवर दिवसभर दगड फोडून तू यायचीस, चुलीपुढे मला मांडीवर घेऊन कोमट तेलाने पोटऱ्या चोळायचीस, आणि शेजारणी म्हणायच्या, ही पोर काही चालायची नाही. तेव्हा तू गावामागच्या डोंगरावरच्या देवाला नवस बोललीस: पोरगी चालली तर दर चैत्रात अनवाणी वर येईन, आणि ती मोठी झाली की शेवटची चढण ती एकटी चढेल, अनवाणीच, आणि माथ्यावर उभी राहून सांगेल की माझ्या मायचा नवस फिटला. मी चालले. तुझे चैत्र सुरू झाले. एकदा, मी नऊ-दहा वर्षांची असेन, दगड तापले म्हणून मी चपला घालून थेट देवापर्यंत आले. तू वळून बघतेस, चेहरा घामाने निथळतो आहे, आणि आवाज न चढवता म्हणतेस, "ज्यानं तुले पाय देल्ले, त्याच्या माथ्यावर चपला घालून उभी राह्यतं काय वं? काढ." मी काढल्या. तळवे असे पोळले की मला तुझा रागच आला. तुझ्या तळव्यांचं काय होत असेल हे मनातही आलं नाही. लेकरांच्या ते येत नाही.

शेवटच्या दुखण्यात तू म्हणालीस, "आता माह्यानं होत नाही. औंदा तूच जाजो. अन् देवाले सांगजो, नाहीतर नवस तसाच लटकून राहीन." मी हौ म्हटलं. चीनच्या लढाईनंतर आमच्या कॉलेजात एनसीसी आली होती, आणि नेमकी त्याच चैत्रात मनालीच्या वरच्या डोंगरांतल्या शिबिरासाठी माझी निवड झाली. मी नाही म्हणणार होते. बाबा म्हणाले, "जाय. आपला डोंगर काई पळून नाही चालला." जिला उभं राहता येत नव्हतं ती पोर हिमालयात चालली, हे ते शेजाऱ्यांना दारोदार जाऊन सांगायचे. त्यांच्याकडे बघून मी गेले.

तिथे एका उतारावर लोक पायांना लांब फळ्या बांधून घसरत होते. आम्हाला चढायचं होतं, म्हणून वेताच्या जाळीचे, सुपाएवढे जोडे बुटांखाली बांधायला दिले. वसंतातला बर्फ सकाळी टणक आणि ऊन चढलं की भिजल्या पोह्यांसारखा मऊ. नुसत्या बुटांनी माणूस रुततो, त्या जोड्यांवर तरतो. आम्ही पोरी फेंगड्या चालीने एकमेकींना चिडवत चढत होतो. एक माथा झाला, दुसरा झाला. दुसऱ्यावर दगडांची रास होती, तिला रंगीत चिंध्या बांधलेल्या. सोबतच्या पहाडी हमालाने हात जोडले, आणि माझे हात आपोआप जोड्यांच्या पट्ट्यांकडे गेले. जोडे काढले, बूट काढले, मोजे काढले, एक पाऊल टाकलं आणि मांडीपर्यंत आत गेले. पोरी हसल्या. मला मात्र वाटलं, चैत्र आहे, डोंगराचा माथा आहे, पाय उघडे आहेत, तर सांगूनच टाकावं. हात जोडले, आणि तोंडातून फक्त "माय" एवढंच निघालं. तेवढ्यात आम्हाला शिकवणारे फौजी उस्ताद धावत आले, काखेत हात घालून मला ओढत म्हणाले, "पागल हो क्या लड़की? पैर गँवाने हैं?" मी रडायला लागले. त्यांना वाटलं, थंडीने रडते आहे.

दोन मैत्रिणींनी पाय चोळले. रक्त परत आलं तसे तळवे पोळायला लागले, अगदी आपल्या डोंगरावर पोळायचे तसे. तेव्हा, माय, पहिल्यांदा मला तुझे तळवे आठवले. त्या दिवशी मी फार रडले.

पुढच्या चैत्रात मी आपल्या डोंगरावर गेले, एकटी, अनवाणी. नंतरही जात राहिले. बाबा असेपर्यंत विचारायचे, "सांगतलं काय देवाले?" मी हौ म्हणून मान हलवायचे आणि पाणी प्यायला आत जायचे.

तुला आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचे, म्हणून हेही आत्ता मोठ्याने वाचलं. आता घडी घालून मोज्यात ठेवते. एवढंच सांगायचं आहे की ते वाक्य मी देवाला अजून सांगितलेलं नाही. दर चैत्रात माथ्यावर उभी राहते, हात जोडते आणि उतरून येते. सांगितलं तर नवस फिटेल, आणि मग तुझं माझ्याकडे काहीच काम उरणार नाही.