अप्पांच्या डाव्या अंगाला

४ नोव्हेंबर
आजबी अप्पांनी घास घेतला न्हाई!
लकव्यानं डावं अंग गेलं, जीभ जड झाली, पण नेम सुटला न्हाई. लिंगपूजा झाल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई म्हणजे न्हाई. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं अन् नजर न हलवता बघत बसायचं — अन् नेमका त्योच हात मेला.
आमच्या घराचे गुरू, जंगम अमरेशअय्या आले. म्हणले, "पोराचा हात तो बापाचा हात. महांतेश, तू धर."
मी! ज्याला शाळेत तासभर बाकावर बसवत नव्हतं!
बसलो डाव्या अंगाला, त्यांच्या हाताच्या जाग्यावर माझा हात. पूजेत बोलायचं न्हाई. खिशात मोबाईल थरथरत होता. भज्याच्या परातीत रबरी पाल ठेवलेलं रील कालच टाकलं होतं, लोकं हसत असतील. एक डोळा लिंगावर, एक खिशावर. अप्पांनी तोंड उजवीकडं, दाराकडं फिरवलं. मग आईनं, अव्वानं, दुधाचा चमचा पुढं केला, तर दात गच्च!
अव्वा म्हणली, "बघ! तुझा मोबाईल बघवत न्हाई त्यास्नी."

५ नोव्हेंबर
आयडिया केली. डाव्या हातात लिंग, उजव्यात मोबाईल, पलंगाखाली. आवाज बंद. कोणाला कळतंय!
अप्पांना कळलं. तोंड दाराकडं.

७ नोव्हेंबर
उदगीरचे डॉक्टर म्हणले, नुसत्या सलाईनवर असंच चाललं तर नाकातनं नळी घालावी लागंल.
अव्वा चुलीपाशी रडली. मीच मोबाईल तिला दिला. म्हणलं, "लपव. मी मागितला तरी देऊ नको."
दुपारपर्यंत दम निघाला न्हाई. शेजारच्या आदर्शच्या फोनवरनं माझ्याच नंबरला रिंग दिली — ज्वारीच्या कोठीतनं गाणं वाजाय लागलं! अव्वा उलथनं घेऊन आली. "बाप उपाशी हाय, अन् तुला गंमत सुचते व्हय रे मुडद्या?"
गंमत न्हवती अव्वा. खरंच ऱ्हावलं न्हाई. हे तिला कसं सांगू?

८ नोव्हेंबर
अय्यांना म्हणलं, मन थांबतच न्हाई.
"थांबवू नको. पळालं की म्हशीगत वळवून घरी आणायचं. मारायचं न्हाई."
"अय्या, आमची म्हैस रीलवर चरते!"
तेबी हसले. मग म्हणले, "मग तिथनं आण."
लिंगावर दिव्याच्या उजेडाचा एक ठिपका पडतो. तेवढाच बघायचा. ठिपका... आदर्शनं पाल परत नेली का?... ठिपका... रीलला किती झाले?... ठिपका. मोबाईल नसताना मांडी आपोआप थरथरते, हे मला माहीतच न्हवतं. भ्या वाटलं.

१० नोव्हेंबर
आज लई वेळ टिकलो. अप्पा तरी दाराकडंच.

१२ नोव्हेंबर
अप्पांचा सदरा अंगावर लोंबतोय. दूध नुसतं ओठाला लावू देतेत.
पूजा झाली की मी रोज पळतो, त्यांच्यापुढं थांबायचा धीर होत न्हाई. आज थांबलो, तिथंच डाव्या अंगाला. नुसते दोन्ही खिसे उलटे करून दाखिवले — बघा, कायबी न्हाई!
बघितलं सुदिक न्हाई. एवढा राग! मारा की मग! पहिल्यासारखी एक ठेवून द्या कानाखाली!

१४ नोव्हेंबर
लातूर. मोठ्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.
त्या अप्पांच्या डाव्या अंगाला हुभ्या राहून म्हणल्या, "गुंडप्पाकाका, मी कुठंय?" अप्पा उजवीकडं भिंतीत शोधाय लागले. बाई न बोलता पलंगाला वळसा घालून उजवीकडं आल्या — अप्पा दचकले, अन् चांगला हात कपाळाला लावून नमस्कार केला!
"डोळे चांगले आहेत," बाई म्हणल्या. "मेंदूला मार बसलाय, त्यामुळं डावीकडं त्यांचं लक्षच जात नाही. तिकडं काही आहे, कोणी आहे, हेच त्यांना ठाऊक नाही. रोज जवळ कोण बसतं?"
अव्वानं माझ्याकडं बोट केलं.
"कोणत्या बाजूला?"
मी माझा डावा हात वर केला. लिंग डाव्या हातावर असतंय, म्हणून डावीकडं बसलो — दुसरं कोणाच्या डोक्यात येणार तरी कसं! अप्पा रुसले न्हवते. पूजाच झाली न्हवती त्यांची. एकबी दिवस.
येताना गाडीत मोबाईल परत हातात होता. गावच्या फाट्यापर्यंत काय बघितलं, एक आठवत न्हाई.

१५ नोव्हेंबर
उजव्या अंगाला बसलो. लिंग ठेवून तळहात पुढं केला. अप्पा बघतच राहिले. डोळ्याला धार लागली, पण नजर हलली न्हाई. मग आपणहून तोंड उघडलं. दूधभाकर खाल्ली, वाटीभर!
मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. जड जिभेनं म्हणले, "म्हांत्या... आलास? इतके दिस... कुठं व्हतास रं?"
अव्वा सांगाय लागली, "अहो, रोज हितंच तर —"
मी तिला हातानं गप केलं.
म्हणलं, "आत्ताच आलो, अप्पा."