दाजी सरकले नाहीत

कोल्हापूर,
मंगळवार, जेवणं झाल्यावर

तीर्थस्वरूप प्रमोदिनी आक्काच्या पायांशी धाकट्या दत्तूचा साष्टांग नमस्कार.

इकडे मी, संयोगिता आणि तिचा नवा कुकर असे तिघेही खुशाल आहोत. तुझा डावा गुडघा काय म्हणतो? (उजव्याची चौकशी गेल्या आठवड्यात झाली.) लग्नघर म्हटलं की धावपळ आलीच, पण म्हणून माडीवर सारखी चढउतार करू नकोस. मुरगूडला फोन लावायचा सोडून हा पत्र कशाला लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस आणि आजचा विषय वाक्यं पुरी केल्याशिवाय कळण्यासारखा नाही. शिवाय आयुष्य पोस्टात काढल्यामुळे पत्रावर माझा अजून विश्वास आहे. (तरी हे रशीदभाईंच्या हाती पाठवतोय, कारण लग्न रविवारी आहे आणि पोस्टात आता मी नाही.)

एकच विनंती, हे पत्र वरून खाली वाच. तुझी खोड मला लहानपणापासून माहीत आहे. पेपर मागच्या पानावरून उघडायचा, रहस्यकथेत खुनी कोण ते आधी बघून घ्यायचं, पंगतीत वरणभाताआधी जिलेबी संपवायची. कॉम्प्युटरच्या जगात याला रँडम ॲक्सेस म्हणतात, म्हणजे पाहिजे तिथे थेट उडी. मला ते शिकायला या वयात फी भरावी लागली, तू जन्मजात आहेस. पण आज नको, आक्का. आज शिस्तीत ये.

तुला ठाऊकच आहे, निवृत्त झाल्यापासून मी राजारामपुरीत कॉम्प्युटरच्या क्लासला जातो. शिकवणारी भैरवी माझ्या मुलीच्या वयाची आहे आणि मला ‘काका’ म्हणून सगळ्यांत पुढे बसवते. (मागे बसलो की मी झोपतो, असं तिचं म्हणणं.) तिथे फाइलीत लिहिणं-वाचणं शिकलो. साधी फाइल म्हणजे कीर्तन, पहिल्यापासून ऐकायचं आणि बुवा संपवतील तेव्हाच उठायचं. पण प्रत्येकाला सारख्याच मापाची जागा आखून दिली, तर पोस्टातल्या खणांसारखं होतं. बारावा माणूस हवा असेल तर आधीच्या अकरांची झोप न मोडता थेट बाराव्याच्या दारात उभं राहायचं. फाइलीत एक न दिसणारा काटा असतो. तो नेऊन ठेवाल तिथून वाचतो आणि तिथूनच लिहितो. मला हे इतकं आवडलं, की कुणाचं तरी भलं केल्याशिवाय चैन पडेना, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी रशीदभाई टेलर सापडले.

रशीदभाईंनी आपल्या घरचे सगळे कोट शिवले. त्यांच्या मापांच्या वह्यांना वाळवी लागायला लागली होती. मी म्हटलं, सगळी मापं फाइलीत घालून देतो, फुकट. ते म्हणाले, “फुकट हाय म्हंजे माझंच काम वाढणार की, मास्तर.” (अविश्वास तरी किती!) महिनाभर त्यांच्या दुकानात बसून मी एकेक गिऱ्हाईक आत घातलं. आधी नाव, मग उंची, खांदा, बाही आणि शेवटी छाती, पोट, सीट. अकराव्या जागेवर मी स्वतः, बाराव्यावर दाजी. दाजींना जाऊन दोन वर्षं झाली हे मला कुणी सांगायला नको, पण वहीत त्यांचं पान होतं आणि ते गाळायला माझा हात धजला नाही.

आता अमरसिंहचा कोट. पोराच्या लग्नाला म्हणून दाजींनीच घेऊन ठेवलेलं ते मोतिया कापड तू ट्रंकेतून काढून दिलंस, अमर येऊन माप देऊन गेला आणि ते फाइलीत घालायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. शहाण्या माणसाने त्याला सगळ्यांत शेवटी टाकला असता. पण मला वाटलं, एकुलता एक भाचा तिकडे अनोळखी लोकांत कशाला? मामा आणि बाप यांच्या मधे बसू दे. काटा बाराव्या जागेवर नेला आणि लिहायला लागलो. माझी समजूत अशी, की एसटीत कुणी “सरका की पावणं” म्हटलं की तिघांच्या बाकावर चौथा मावतो, तसे दाजी तेराव्यावर सरकतील, तेरावा चौदाव्यावर, आणि कुणाची तक्रार राहणार नाही. फाइलीत कुणी सरकत नाही, आक्का. नवा माणूस सरळ जुन्याच्या मांडीवर बसतो, आणि जेवढ्या जागेवर नवा बसला तेवढा जुना कायमचा पुसला जातो. (हे भैरवीने शिकवलं होतं म्हणे. त्या दिवशी मी गडमुडशिंगीला एका साखरपुड्यात होतो.) तसं पाहिलं तर दाजींकडून मी ही अपेक्षाच ठेवायला नको होती. बिद्रीहून नोकरीवरून येताना दोघांच्या सीटवर ते एकटे बसायचे आणि कुणी सरका म्हटलं की “मागची गाडी रिकामी हाय” असं सांगून खिडकीबाहेर बघायचे. ते माझ्यासाठी सरकणार होते?

तर अमरचं नाव, उंची, खांदा, बाही एवढं लिहून झालं आणि चहा आला. मापाची चिठ्ठी पंख्याने उडू नये म्हणून मी ग्लासाखाली ठेवली, तिचा लगदा झाला. चहा पिऊन येतो तर छाती, पोट, सीट, सगळं समोर भरलेलं! मला वाटलं, मघाशी मीच भरलं असणार. या वयात हात असा आपोआप चालतो, याचा थोडा अभिमानही वाटला. कागद छापून रशीदभाईंना दिला. लग्नसराईत त्यांना मान वर करायला फुरसत नाही. त्यांनी आकडे बघून एवढंच विचारलं, “भाच्याला पोट हाय व्हय?” मी म्हटलं, नोकरी बैठी आहे, असेल. आणि त्यांनी कापडाला कात्री लावली.

काल कोट तयार होऊन हँगरवर लागला. मी हौसेने अंगात चढवला, तर खांद्यात अडकलो आणि पोटाशी मोकळं वारं लागलं. रशीदभाई लांब उभे राहून बघत होते. म्हणाले, “मास्तर, ह्यो घेर माझ्या वळखीचा हाय. ह्यो तुमच्या दाजींचा!” फाइल उघडली, तर बाराव्या जागेवर वर अमरसिंह आणि छातीपासून खाली दाजी, जसेच्या तसे, बसल्या जागी. मला हसू आवरेना, आणि हसता हसता गलबलून आलं ते काही केल्या थांबेना. कापड त्यांचं, मुलगा त्यांचा, आणि घेरही त्यांनी आपलाच दिला. रशीदभाई मात्र कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. हे पत्र नेतो, हेसुद्धा त्यांनी मानेनेच सांगितलं.

असो. थोरांना नमस्कार, नव्या सुनेला आगाऊ आशीर्वाद. मंगलाष्टकांना अमरच्या मागे मामा लागतोच, तेव्हा माझ्यावरचा राग रविवारनंतर धरावा.

तुझा,
दत्तू

ता. क. — तू वाचायला इथूनच सुरुवात केली असणार, म्हणून आधी हे सांगतो. कोट झाला आहे, रंग फार खुलला आहे, घाबरण्यासारखं काही नाही. रशीदभाई दारात उभे असतील, त्यांना आत घे, चहा दे, आणि मग वर जाऊन सगळं वाच.

ता. क. दुसरा — वाचून आलीस? मग बस जरा. कोट मोठा झाला आहे, लहान नाही, म्हणून वाचलो. रशीदभाई टेप, खडू, दोरा घेऊन आले आहेत, अमरला त्यांच्यापुढे उभा कर. संध्याकाळपर्यंत तुझ्या सोप्यात बसून ते कोट मापात आणतील. आतलं जादा कापड कापायचं नाही, नुसतं दुमडून शिवायचं, हे मी त्यांना बजावलं आहे. तूही बजाव, माझं ऐकू येत नाही त्यांना सध्या.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच — दाजींचं नाव मला पाठ आहे, पण उंची, खांदा आणि बाही अमरच्या खाली पुसली गेली. वहीचं ते पान वाळवीने खाल्लं. तुझ्या कपाटात त्यांचा राखाडी कोट असेल, तो रशीदभाईंबरोबर दे. माप घेतलं की मी स्वतः परत आणून देतो. या वेळी त्यांना सगळ्यांत शेवटी ऐसपैस जागा देणार आहे, कुणासाठी सरकायला नको. रशीदभाईंनी काल शेवटचं बोलताना विचारलं होतं, गेलेल्या माणसाचं माप कशाला पायजे, मास्तर? मी म्हटलं, दहा वर्षांनी अमरला लागेल.