मोह खुडत नसतात, गुरुजी

गुरुजी, तुम्ही मला विसरला असणार. जिवंत होतात तेव्हाच चष्मा कपाळावर सरकवून घरभर चष्मा शोधायचात, दोनदा चहा पिऊन काकूंना विचारायचात, "आज चहा नाही का?" मग मरून इतकी वर्षं झाल्यावर पोळ्या लाटणारी कशी आठवेल? म्हणून सांगते. अमरावतीच्या तुमच्या घरी दोन वेळचा स्वयंपाक करायला यायची ती मी. माहेर परतवाड्याच्या पलीकडे, मेळघाटच्या पायथ्याशी. नवरा अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला, आणि मी इथे सासूजवळ. मला अक्षर येत नाही, हे तरी तुम्हाला आठवत असेल. लिहून नात घेते आहे. मी बोलते वऱ्हाडी, ती कागदावर पुस्तकी करून उतरवते. म्हटलं, करू दे, गुरुजींना तसंच लागायचं.

यंदा तिच्या कॉलेजच्या पुस्तकात तुमची कविता आली. काल दुपारी ती वाचत बसली होती आणि मी तूर निवडत होते. खाली प्रश्न होता, कवीने निसर्ग आणि माणूस यांचं नातं कसं रंगवलं आहे. गाइडात उत्तर तयारच होतं, कवी निसर्गाशी एकरूप झाला आहे. मी सूप बाजूला ठेवून हसले. एकरूप म्हणे. एक मुंगी चावली की सगळं अंथरूण अंगणात काढायला लावणारा हा माणूस. अंगणातला कडुलिंब तुम्ही तोडायला लावला, कारण पाखरं धोतरावर शिटायची. आठ दिवसांनी त्याच कडुलिंबावर रडकी कविता केली. काकू चूल पेटवताना म्हणाल्या होत्या, "तोडलंत तुम्ही, आता रडताही तुम्हीच?" आणि मेळघाटावर तर तुमचं अख्खं पुस्तक. मेळघाटला निघालात एकदाच, माझ्याकडून दशम्या बांधून घेऊन. परतवाड्याच्या स्टँडवर उतरलात, पुढची जीप गच्च भरलेली दिसली, तिथेच भजी खाल्लीत आणि संध्याकाळी घरी. आल्या आल्या काकूंना म्हणालात, "रानाची हाक ऐकून आलो." दशम्या न सोडलेल्या तशाच परत आल्या होत्या.

पुस्तकातल्या कवितेत एक मुलगी आहे. ती पहाटे रानात जाते, फांदी वाकवते, मोहाची फुलं खुडून ओटीत भरते, आणि वारा तिची बट उडवत असतो. किती पोरांनी हे पाठ केलं असेल, आणि एकालाही कोणी सांगितलं नाही की मोह खुडत नसतात. मोह पहाटे आपोआप गळतो. आधी झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करायची, मग उजाडायला जाऊन एकेक फूल वेचायचं, ऊन चटके देईपर्यंत. दोन टोपल्या भरेस्तोवर कंबर धरते. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही आरामखुर्चीत, मी दारात पिठाच्या हातांनी उभी. "गुरुजी, मोह खाली पडते. वाकून वेचा लागते." तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "वाकलेली बाई कवितेत चांगली दिसत नाही गं." तेव्हा मला तुमचं रान कळलं. त्यात सगळं असतं, फक्त कंबर कोणाचीच दुखत नाही.

पण माझा खरा राग कवितेवर नाही. राग त्या पत्रावर आहे. सासूला ताप भरला, चार दिवस झाले तरी उतरेना. मी धावत तुमच्याकडे आले. "लिवा गुरुजी, बुढीचा ताप उतरून नाही राहिला. भेटाचं असन तर आजच्या आज निंघ." एवढंच माझं बोलणं. तुम्ही दोन पानं भरलीत आणि वाचूनही दाखवलीत. आधी पळस पेटला, मग वारा वाट विसरला, आणि अगदी शेवटी कुठेतरी बुढीचा ताप. मी म्हटलं, ताप वर घ्या. तुम्ही म्हणालात, पत्रालाही एक आकार असतो. जिनातल्या मुनीमानं माझ्या नवऱ्याला पळसापर्यंत वाचून दाखवलं, कंटाळला, आणि कागद हातात देऊन म्हणाला, "खुशाल आहे सगळं. बायकोले याद येऊन राहिली तुही." नवरा पोचला तो थेट आईच्या तेरवीला. दारात उभा राहून मला विचारतो, "कावून नाही कळवलं?"

तेरवी झाली आणि मी पाटी घेऊन तुमच्याकडे आले. म्हटलं, "मले अक्षरं शिकवा. माहं पत्र मीच लिवीन." तुम्ही पाटी हातात घेतलीत, उलटीपालटी केलीत आणि परत दिलीत. "नको गं. अक्षरं आली की तुझ्यातलं रान जाईल. तू झाडासारखी आहेस, तशीच राहा." काकू आतून म्हणाल्या, "अहो, रोजची दहा मिनिटं लागतील, शिकवा ना तिला." तुम्ही हसलात. मायेनं हसलात, आणि तेच मला अजून सहन होत नाही. झाडाला सासू नसते, गुरुजी. झाडाचा नवरा अकोल्याला नसतो. अंगणात खरं झाड होतं ते तुम्ही तोडलंत, आणि बाई होती तिला झाड केलंत. पुढच्याच महिन्यात ही कविता आली. सगळ्यांना वाचून दाखवलीत, मला चहा द्यायला बोलावलंत तेव्हा मलाही.

इथे नातीनं लिहिणं थांबवलं आहे. "आजी, थे पोरगी तू हायेस?"

"हो. लिही पुढे."

"मंग मी पेपरात काय लिहू?"

"एकरूप लिही अन् मार्कं घे."

"मी लिहीन, मोह खुडत नसतात."

"मार्कं जातीन."

"जाऊ दे ना. अन् तू आता तरी शिक. मी शिकवते."

हे ती मला रोज म्हणते आणि मी रोज डोळ्यांचं कारण सांगते. डोळ्यांना काही झालेलं नाही. तुरीतला खडा मला अजून हिच्या आधी दिसतो. मला भीती वाटते, गुरुजी, की तुमचंच खरं निघेल. मी पहिलं अक्षर गिरवीन आणि पहाटे मोह पाचोळ्यावर पडताना जो बारीक आवाज होतो तो आठवेनासा होईल. जन्मभर तुम्हाला हसले, आणि तुमचं हे एक वाक्य पदराला बांधून फिरले. हे आज पहिल्यांदा बोलते आहे. नात मान खाली घालून लिहिते आहे.

पत्ता काय टाकू, विचारते. म्हटलं, टाकू नको. ते वाचायला बसले तर आधी शुद्धलेखन तपासतील. कागद तुरीच्या डब्याखाली राहू दे. उद्या दुपारी तिला पाटी आणायला सांगितली आहे, बघू. आणि तिकडून काही पाठवायचं मनात आलंच, तर मोहाची फुलं पाठवा, पायलीभर, उन्हात चांगली वाळवून. स्वतः वाकून वेचलेली असतील तरच. खुडलेली असली तर तुमच्याजवळच ठेवा.