नळाशेजारचा माझा फोटो

४ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. मी सांगणार, नात लिहिणार. मधे तोंड घालायचं नाही, ही अट. गल्लीत घरोघरी नळ बसले. फोटोसाठी पाणीखात्याच्या साहेबांनी मलाच निवडलं. नळ कोरडा, म्हणून त्यांच्या माणसाने बाटलीतलं पाणी ओतून पेला हातात दिला. साहेबांनी विचारलं, आजी, पाणी येतं ना? दारी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? म्हटलं, येतं की, धो धो.

७ मार्च
कोपऱ्यावर मोठ्या बोर्डावर मी! शेजारची शिलाईवाली म्हणाली, आजी, तुमचं तोंड मोठं आलंय, नळ दिसतच नाही. जळते मेली. नळाखाली बादली लावून ठेवली आहे. ऐन वेळी धावपळ नको.

९ मार्च
टँकर आला नाही. ड्रायव्हर आजारी असेल.

११ मार्च
नळ आले म्हणून आमच्या गल्लीचा टँकर बंद. शिलाईवाली दारात येऊन म्हणाली, आमची धुणी आणू का तुमच्या धो धोखाली? बोलू दे. माझ्या एका शब्दाने टँकर थांबतो, तर एका शब्दाने सुरूही होईल. साहेब पुढच्या सोमवारी येताहेत. सांगते.

१३ मार्च
सून खालच्या पंपावरून पाणी आणते. सातवा महिना आहे. म्हणाली, आई, आजच ऑफिसात जाऊन सांगा ना. साहेबांच्या दारात मी ताटकळू? त्यांनी आपल्या घरी यावं, मग सांगण्यात वजन. तिला म्हटलं, कॅन अर्धाच भरत जा. मी काही खाष्ट सासू नाही.

१८ मार्च, सोमवार
साहेब आले, सोबत त्यांचे मोठे साहेब. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पण मोठ्या साहेबांनी खुर्ची मला दिली, स्वतः उभे राहिले. म्हणाले, तुमच्यासारखी समाधानी माणसं हल्ली कुठे मिळतात? आता खुर्चीत बसून तक्रार कशी करायची? म्हटलं, तुमची कृपा. तेवढ्यात सून कॅन घेऊन दारात. फोटोवाला तिला म्हणाला, ताई, जरा बाजूला व्हा.
पुढच्या खेपेला नक्की सांगणार. नातीने पेन खाली ठेवलं होतं. उचलायला लावलं.

२३ मार्च
सून पंपाच्या उतारावर कॅनसकट पडली. तिची चप्पलच झिजलेली. मी केव्हाची सांगत होते, बदल म्हणून.

२४ मार्च, दुपार
बाळ आलं. गेलंही. मुलगी होती.
दवाखान्यातल्या मावशी म्हणाल्या, बाळंतिणीला पुसून घ्यायला पाणी घरून आणा, इथे थेंब नाही. घरातही नव्हतं. पलीकडच्या गल्लीत टँकर उभा होता, हंडा घेऊन गेले. टँकरवाल्याने लगेच ओळखलं. बोर्डावरच्या आजी ना? म्हटलं, हो. म्हणाला, मग इथे काय काम? मागे व्हा, ज्यांच्याकडे नळ नाही त्यांना भरू द्या.
म्हटलं, बाबा, नळाला पाणी नाही. कधीच आलं नाही. रांगेतल्या बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, म्हातारीला दोन्हीकडचं हवंय. मी तरी उभी राहिले. माझ्यापर्यंत यायच्या आत टँकर रिकामा झाला.
सुनेला कोरड्याच फडक्याने पुसायला घेतलं. ती म्हणाली, आई, राहू दे.