ऐकून घेणारा माणूस

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. छापील आहे, कडा काळी आहे आणि आतल्या दोन ओळींत एकही चूक नाही. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या बाईकडून आणखी काय अपेक्षा करायची? सही मात्र शाईने केलीत, त्याबद्दल आभारी आहे. सख्खा धाकटा भाऊ गेला तर एक कार्ड पुरतं, हे मला ठाऊक नव्हतं.

तुम्ही आला नाहीत, म्हणून सांगते. दुपारची वेळ होती. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी सरळ करता करता हे खुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. गिऱ्हाईक बिचारं चष्म्याशिवाय समोर बसून पाच मिनिटं आपल्या जावयाबद्दल बोलत होतं. त्याला वाटलं, हे ऐकताहेत.

काल दुकानासमोर शोकसभा झाली. खुर्च्या शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी दिल्या. सतरा माणसं बोलली आणि सतराही जण ह्यांचे सर्वांत जवळचे मित्र निघाले. मी नुसतीच बायको, तेव्हा मागच्या रांगेत बसले. सगळ्यांचं म्हणणं एकच, की असा ऐकून घेणारा माणूस पुन्हा होणे नाही. शिंपी म्हणाला, माझ्या तोंडाकडे असे टक लावून बघायचे की शब्दन्‌शब्द पिऊन घ्यायचे. दातांचे डॉक्टर तर रडलेच. एवढ्या शांतपणे मला आयुष्यात कोणी ऐकलं नाही, म्हणाले. खरंच असणार. बाकीचे त्यांच्यासमोर आ वासून ओरडतच असतात.

मुलगी आठ दिवस राहून परत गेली. आता घरात मी आहे आणि भिंतीवर डोळे तपासायचे तक्ते आहेत. अडीच वर्षं तुमचा रविवारचा फोन बंद आहे, हे न कळण्याइतकी मी बावळट नाही. काय बिनसलं ते लिहावंसं वाटलं तर लिहा. नाहीतर आणखी एक कार्ड पाठवा.

लोभ असल्यास कळवावा. नसल्यास तो वाढवण्याची विनंती मी करणार नाही.

तुमच्या भावाची बायको


ता. १९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,
अ. उ. आ.

पेपरातली तुझी जाहिरात वाचली. ‘हसतमुख, मनमिळाऊ, परोपकारी.’ हे तीन शब्द मी तीस वर्षं रोज तपासले. आमच्याकडे ते जुळवूनच ठेवलेले असत, फक्त नाव बदलायचं. गेलेला माणूस तुसडा होता असं एकदाही छापून आलं नाही. तुसडी माणसं बहुधा मरतच नसावीत. माझ्याकडे बघून तुलाही ते पटेल.

तो जगन्मित्र जन्मापासूनच. आई त्याला कोपऱ्यावरून सुईदोरा आणायला पाठवायची. दोन तासांनी तो चार नवे मित्र घेऊन यायचा आणि सुईदोरा विसरायचा. शोधायला अर्थात मी. एकदा तो रस्ता खणणाऱ्या मजुरांमध्ये मांडी ठोकून बसला होता आणि त्यांच्या मुलाबाळांची नावं विचारत होता. वय वर्षं सहा. माझ्या लग्नात सासरच्यांना आधी तो आवडला, मग मी. आमचे हे तर म्हणायचे, मेहुण्यासाठीच होकार दिला. गमतीत म्हणायचे, असं मी धरून चालले.

पण ऐकून घेणारा? हे वाचून मी एकटीच मोठ्यांदा हसले. खालच्या मजल्यावरची बाई विचारायला आली.

कारण विचारलंस ना? आमचे हे गेल्यावर सहा महिन्यांनी मी त्याला फोन केला होता. त्याआधी तीन दिवस मी एक वाक्य घोकत होते. कागदावर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. कोणाकडे काही मागायची मला सवय नाही, तुला माहीत आहे. शेवटी विचारलं, की मला इथे एकटीला राहवत नाही, तर तुमच्या वरच्या खोलीत राहायला येऊ का? त्यावर तो खदखदून हसला. ताई, तुझं आपलं काहीतरीच, म्हणाला. मग वाण्याने घेतलेल्या नव्या स्कूटरची हकीकत पाच मिनिटं सांगितली आणि फोन ठेवला.

अख्ख्या गल्लीला ज्याच्या घरात जागा होती, त्याच्याकडे बहिणीपुरती खोली नव्हती. ठीक आहे. मी पुन्हा विचारलं नाही आणि फोनही केला नाही. त्याच्यापाशी माणसांचा दुष्काळ कधीच नव्हता, तेव्हा माझी उणीव जाणवली नसेल.

तुझ्यावर माझा राग नाही. लोभ होता तेवढा अजून आहे, फार हलवू नये.

तुझी नणंद


ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मग दुकानाचं शटर ओढलं आणि तिसऱ्यांदा वाचलं.

ताई, तुमच्या भावाला ऐकू येत नव्हतं.

थोडंथोडकं नाही. पाच वर्षांपूर्वी सुरुवात झाली आणि पुढच्या दीड वर्षात जवळजवळ सगळंच गेलं. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि हे शेजारी उभे राहून मला विचारत होते की कुकर लावलास का, तेव्हा माझ्या लक्षात आलं. जो माणूस एकतीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत होता की चष्म्याची कसली लाज, डोळे काही चोरून आणलेले नाहीत, तो स्वतः कानाचं यंत्र लावायला तयार होईना. यंत्र आणलं. ते लेन्सच्या खोक्यात ठेवलं आणि खोकं माळ्यावर टाकलं. मी भांडले, अबोला धरला. पण अबोला धरून उपयोग काय? त्यांना फरकच पडत नव्हता.

शेवटी एकदाच खरं बोलले. म्हणाले, बहिऱ्याशी लोक कामापुरतंच बोलतात, तेही ओरडून, आणि मग हळूहळू यायचेच बंद होतात. मला शपथ घातली. मुलीलाही सांगायचं नाही.

दुकानात निभलं. चष्मा बसवताना गिऱ्हाईक तोंडासमोरच असतं. ह्यांनी ओठ वाचायला शिकून घेतलं. शिंप्याच्या तोंडाकडे टक लावून का बघायचे, हे आता तुम्हाला कळलं असेल. शिंप्याला मी सांगणार नाही.

फोनला मात्र तोंड नसतं. म्हणून दर रविवारी रिसीव्हर मी माझ्या कानाला लावायची आणि तुमचं बोलणं जुन्या तक्त्याच्या पाठीवर भराभर लिहायची. ते वाचून हे बोलायचे. मधेच लाइन खराब आहे असं म्हणायचे, ते मला लिहायला वेळ मिळावा म्हणून. तुमच्या गुडघ्याची चौकशी न चुकता व्हायची ना? ती मी लिहून द्यायची. चिडू नका, प्रेम त्यांचंच होतं, अक्षर माझं.

तुम्ही विचारलंत त्या रविवारी मी मुलीच्या बाळंतपणाला गेले होते. हे घरात एकटे होते. फोनवर लुकलुकणाऱ्या दिव्यावरून तो वाजतोय हे कळलं असणार, आणि रविवारी त्या वेळी दुसरं कोण असणार? उचलायला नको होता. पण फोन वाजतोय आणि हे उचलत नाहीत, असं कधी झालंय? अशा वेळेसाठी त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आधी हसायचं, मग ‘तुझं आपलं काहीतरीच.’ म्हणायचे, हे कशालाही चालतं. मी परत आल्यावर मला खुशीत सांगितलं, ताई मजेत होती, खूप हसलो.

पुढे तुमचा फोन येईना. मी चारदा लावला, तर तुम्ही कामात आहे म्हणून ठेवलात. ह्यांनी स्वतःशीच धरलं की ताईला माझं बहिरेपण कळलं, आणि आपण लपवलं म्हणून ती रागावली. तुमच्याकडे यायला दोनदा निघाले. एकदा तर बॅगसुद्धा भरली. काय सांगू तिला, म्हणाले, आणि बॅग रिकामी केली. साऱ्या गावाशी बोलणारा माणूस तुमच्यापुढे घाबरला.

मी शपथ मोडून आधीच लिहायला हवं होतं. त्याची बोलणी प्रत्यक्ष खाईन.

तुमची वहिनी


ता. ६ मार्च

प्रिय वहिनी,
अ. उ. आ.

तुझं पत्र सोमवारी आलं. आज शनिवार आहे. मधले दिवस मी काय केलं हे विचारू नकोस. दूध उतू गेलं, ते पुसलंसुद्धा नाही, यावरून ओळख.

तुझा नवरा गाढव होता. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, पण मी निवृत्त झाले आहे, आता कोण तपासणार? लहानपणी हरवला की शोधायला मीच जायची ना? मग या वेळी मला कोणी सांगायला नको होतं? बहिरा झालास तर हो, म्हटलं असतं त्याला. मी आयुष्यभर तसंही तुझ्याशी ओरडूनच बोलत आले आहे. तुला कळलंसुद्धा नसतं.

आणि मी तरी काय केलं? एका वाक्याला ‘नाही’ समजले. दुसऱ्यांदा विचारायचं धाडस नव्हतं, त्याला मी मानीपणा म्हटलं. अडीच वर्षं तो तिकडे बॅग भरत होता, मी इकडे राग जपत होते. तो गेल्याचं कळलं तेव्हा गाडीत बसून तुमच्या स्टेशनापर्यंत आले होते, वहिनी. तिथून परत फिरले आणि कार्ड विकत घेतलं. हे तुला सांगणार नव्हते.

गेल्या रविवारी मी दुकानाच्या नंबरवर फोन लावला. तुझं पत्र तेव्हा आलं नव्हतं, तरी लावला. दुकान बंद असणार हेही ठाऊक होतं. वाजत राहिला. मी तो बराच वेळ वाजू दिला.

तर आता तेच वाक्य कागदावर लिहिते, म्हणजे लाइन खराब असल्याची सबब कोणाला सांगता येणार नाही. मला इथे एकटीला राहवत नाही. तुमच्या वरच्या खोलीत राहायला येऊ का? नको असेल तर सरळ ‘नाही’ लिही. पण हसू नकोस.

तुझी ताई


ता. १२ मार्च

ती. ताईंस,
सा. न. पुढे वि. वि. फारसं नाही. या.

खोलीत फ्रेमांची खोकी होती, ती खाली काढली. दातांच्या डॉक्टरांना मी फक्त एवढंच म्हणाले की ताई येताहेत. तासाभरात गल्लीभर झालं. तुमच्या गुडघ्यासाठी जिन्याला कठडा बसवायला शिंपी आणि औषधवाला दोघेही आले, आणि सख्ख्या बहिणीचा कठडा कोणी बसवायचा यावरून माझ्या दारात त्यांची जुंपली. शेवटी अर्धा एकाने बसवला, अर्धा दुसऱ्याने. मधे वाकडा आहे.

त्यांना यंत्राबद्दल सांगायचं की नाही, ते तुम्ही आल्यावर ठरवू. मी अजून तोंड उघडलेलं नाही. ते सगळे येतात, दुकानात बसतात, ह्यांच्या खुर्चीकडे बघून बोलत राहतात. मी ऐकते. एवढं ऐकायची मला सवय नाही, ताई. माझा जीव दमतो. निम्मे तुम्ही घ्या.

रंगारी कालच येऊन गेला. रंग तुम्हाला विचारून लावायला हवा होता. पण तुम्ही पत्रातून वाद घातला असतात आणि त्यात महिना गेला असता, म्हणून मीच पिवळा लावून टाकला. तुम्हाला आवडणार नाही, हे मला माहीत आहे.

भांडायला या.

तुमचीच,
वहिनी