मोहाखालची लुगडी

मी, जयवंता एकनाथराव देवसरकर, वय एकाहत्तर, राहणार विद्यानगर, हैदराबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. आणायचा प्रयत्न झाला, तो पुढे येईलच. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही याची माझा मुलगा विकास याला शंका आहे. शेजारच्या डॉक्टर पद्मावती यांना नाही, आणि खाली सही त्यांची आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. गौलीगुड्याचे नामदेवराव वकील यांनी मसुदा वाचला आणि म्हणाले, "जयवंताबाई, यातलं निम्मं काढून टाका." काढलेलं नाही.

घाई का, तेही लिहिते. वडसरी हे माझं माहेर, आदिलाबाद जिल्ह्यात, जंगलाला लागून. त्या जंगलाचं अभयारण्य करायचं सरकारनं ठरवलं आहे, आणि त्याआधी तिथं कुणाचे काय हक्क आहेत याची चौकशी चालू आहे. तिथल्या पाच मोहाच्या झाडांवर माझा हक्क आहे आणि मी तसा दावा लावला आहे. मी काही न लिहिता गेले तर तो दावा मुलांकडे जाईल. विकास मोबदला घेऊन हक्क सोडून देणार, हे त्यानं मला तोंडावर सांगितलंय, आणि मुलगी त्रिवेणी भावाच्या शब्दाबाहेर नाही. हक्क सुटला की त्या झाडांची फुलं वेचणारी मोतुबाई आत्राम आणि तिच्या गुड्यातल्या, म्हणजे गोंडांच्या वस्तीतल्या, बायका यांना जंगलात पाऊल टाकायची बंदी होईल. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

कलम १. विद्यानगरचं घर. आमचे यजमान कै. एकनाथराव महसूल खात्यात होते. जन्मभर गौलीगुड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत काढून त्यांनी हे घर बांधलं आणि माझ्या नावावर केलं. घराचा निम्मा हिस्सा विकासला, निम्मा त्रिवेणीला. पुढच्या खोलीत विकासनं बँकेची पक्की नोकरी सोडून कॉम्प्युटरचा क्लास काढलाय. देश बदलतोय म्हणतो. बदलू दे बापडा. ती खोली त्याच्याच हिश्शात जावी, पोरं रांग लावून येतात, त्यांचं नुकसान नको. मात्र हे कलम, कलम ३ मधल्या अटीला धरून वाचावं.

कलम २. दागिने आणि किरकोळ. पाटल्या आणि नारायणपेठी रेशमी लुगडं त्रिवेणीला. शिलाईचं मशीन विकासची मुलगी प्रणिता हिला. तिला शिवता येत नाही, शिकावं. माझ्या वन्सं इंदुताई यांना काही नाही. माझ्या लग्नात आंदणाची बैलगाडी दारात उतरली, तीत आईनं मोहाच्या वाळलेल्या फुलांचं पोतं दिलं होतं. इंदुताईंनी नाक दाबलं आणि सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाल्या, "अगं बाई, नवरी आणली की दारूची भट्टी?" तेव्हापासून आजतागायत त्या मला जंगलातली म्हणतात. त्यांना हे वाचून वाईट वाटलं तर मला बरं वाटेल.

कलम ३. झाडं. आमच्या भागात जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं, असं पूर्वापार चालतं. बाबांनी मला आंदणात एक गाय आणि पाच मोह दिले. गाय मेली. झाडं उभी आहेत. थोरला, गोडा, वाकडा, देवापाशचा आणि नाल्यावरचा अशी त्यांची नावं आहेत, गुड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पुढे ती पट्टी सरकारनं जंगलात घेतली, पण झाडं माझीच राहिली, आणि वेचायला आधी मोतुबाईची आई होती, आता मोतुबाई आहे. आमच्या घरी लाडवांपुरती फुलं येतात. बाकी सगळी गुड्यात राहतात. उन्हाळ्यात घरातलं धान्य संपलं की ती माणसं हीच फुलं शिजवून खातात, उरलेली बाजारात देऊन मीठमिरची आणतात. दारू काढत नाहीत असं मी म्हणत नाही. आपल्याकडच्या लग्नात पुरुष माडीवर कशाला जातात, ते मला माहीत आहे.

विकास म्हणाला, "आई, पाच झाडांसाठी कायकू परेशान होतेस? आपण तर ती बघितलीपण नाहीत."

मी म्हटलं, "आपण नाही. तू बघितली नाहीस. तुझ्या वेळी मला दूध येईना, तेव्हा मोहाचे लाडू खाऊन तुला पाजलंय."

दुसऱ्या दिवशी त्यानं हक्क सोडल्याचा कागद टाईप करून माझ्या ताटाशेजारी ठेवला. वर मी दडपण म्हणाले ते हे. मी त्यावर आमटीची वाटी ठेवली.

तर, थोरला, गोडा, वाकडा आणि देवापाशचा या चार झाडांवरचा माझा हक्क आणि चौकशीतला दावा मी मोतुबाई आत्राम हिला देते, तिच्यामागे तिच्या मुलींना. माझ्यामागे दावा तिनं चालवावा, वकील नामदेवराव तिच्या बाजूनं उभे राहतील, तसा शब्द त्यांनी दिलाय. विकास किंवा त्रिवेणी यांनी याला कोर्टात हरकत घेतली, किंवा या झाडांचा मोबदला घेतला, तर हरकत घेणाऱ्याचा घरातला हिस्सा मोतुबाईला जाईल. विकास, तू असं करशील असं मला वाटत नाही. तरी लिहून ठेवलेलं बरं.

कलम ४. नाल्यावरचा मोह अस्वलाचा. तो पहिल्यापासून त्याचाच आहे. त्याखाली गुड्यातलं कुणी वेचत नाही, आणि म्हणून अस्वल बाकीच्या झाडांकडे फारसं फिरकत नाही. वकील म्हणाले, "अस्वल वारस होऊ शकत नाही, बाई." मी म्हटलं, मग असं लिहिते की ते झाड कुणालाही दिलेलं नाही आणि मोतुबाईनं त्याची राखण करावी. ते चालेल म्हणाले. पण आहे ते अस्वलाचं.

कलम ५. लुगडी. हे कलम प्रणितानं बापाला दोनदा वाचून दाखवावं, कारण सगळं यावर अडलंय.

वडसरीचे रेंजरसाहेब तेलुगू माणूस. आवाज चढा, पण खोटं बोलणारा नव्हे. मी माहेरी गेले तेव्हा म्हणाले, "अम्मा, फुलं न्या, पण आग नको." उन्हाळ्यात बायका मोहाखालचा पाला पेटवतात. मोकळ्या जमिनीवर पडलेलं फूल पटकन दिसतं. पण वारा सुटला की ती आग डोंगर चढते. त्यांनी मला नेऊन दाखवलं. सागाची रोपं, बांबूचे कोंब, सगळं काळं. एक घोरपड भाजून पडली होती. 

मोतुबाईला विचारलं तर ती माझ्यावरच उखडली. "पाल्यातून एकेक फूल वेचायला डोळे कुठून आणू, बाई? साहेबाचं जंगल हिरवं राहायला पाहिजे, आणि माझी पोरं?"

साहेबाचं बरोबर आणि हिचंही बरोबर. अशा वेळी माझं डोकं उठतं.

मग मला आमच्या दारातला पारिजातक आठवला. पूजेची फुलं मातीत पडू नयेत म्हणून मी त्याखाली रात्री जुनं लुगडं अंथरते. मोहाचं फूलही रात्रीच गळतं. मी परत येऊन एक चांगलं सुती इरकली लुगडं गौलीगुड्याच्या बसस्टँडवरून आदिलाबादच्या कंडक्टरबरोबर पाठवून दिलं. चैत्रात बघायला गेले, तर मोतुबाई ते नेसून कुणाच्या तरी लग्नाला निघालेली, आणि थोरल्याखाली जमीन काळी ठिक्कर!

"एवढं चांगलं लुगडं झाडाखाली टाकू?" ती म्हणाली. "झाडाला काय अंग झाकायचंय?"

मी रागावले, मग हसले, मग पुन्हा रागावले. त्यानंतर नेसता येणार नाहीत अशीच फाटकी लुगडी पाठवायला लागले, दोन-दोन जोडून शिवलेली. ती अंथरायची, पहाटे चार कोपरे धरून उचलायची. फुलांना माती नाही, राख नाही, बाजारात भावही बरा. तेव्हापासून आमच्या झाडांखाली काडी पेटलेली नाही. शेजारच्या झाडांच्या बायकाही मागायला लागल्या. रेंजरसाहेबांनी चौकशीत लिहून दिलंय की कापड अंथरून, आग न लावता वेचणार असतील तर हा हक्क चालू ठेवायला खात्याची हरकत नाही. म्हणजे जोवर लुगडी आहेत तोवर हक्क आहे. एका वर्षी आग लागली की गेला.

आणि लुगडी आणायची कुठून? बोहारीण माझी हाडवैरीण. विद्यानगरच्या बायका तिला चांगली सुती लुगडी देऊन स्टीलचे डबे घेतात. आता तर सुती नेसतंय कोण? सुलतान बाजारात दुकानदार पॉलिस्टर पुढे टाकतो आणि म्हणतो, "अम्मा, इस्त्रीच नक्को." पॉलिस्टर एकदा पाठवून बघितलं. वाऱ्यानं उडून बोरीच्या काट्यात अडकलं आणि फुलं गेली नाल्यात.

म्हणून, माझी सगळी सुती लुगडी, कपाटातली, ट्रंकेतली, दोरीवर वाळत असतील तीसुद्धा, वडसरीला पाठवावीत. चांगली असतील ती आधी मधोमध फाडावीत, नाहीतर मोतुबाई नेसेल. विद्यानगरच्या घराची वरची खोली भाड्यानं दिलेली आहे, ती रिकामी ठेवायची नाही. तिचं भाडं दरवर्षी सुती कापड घेण्यात घालावं. शिवायला प्रणिताला मशीन दिलंच आहे.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रणितानं करावी, नामदेवरावांच्या सल्ल्यानं. घरात मराठी न अडखळता वाचणारी तीच एक उरलीय. मोतुबाईला साक्षीदार म्हणून अंगठा द्यायचा होता, त्यासाठी ती बसनं आली, पण ज्याला मिळतं त्यानं साक्ष देऊ नये म्हणे. ती रुसली. तिला चहा दिला.

कलम ७. माझं शेवटचं. आमच्यात बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालतात, मगच उचलतात. माझे भाऊ गेले. भाचे शेत विकून निजामाबादला गेले. वडसरीत आमच्या घराचा उंबरासुद्धा उरला नाही. त्रिवेणी म्हणाली, "आई, माहेरचं म्हणून मीच आणीन एखादं." तिचा जीव आहे माझ्यावर, पण नको. भेटायला येणाऱ्यांनीही माझ्यावर लुगडी घालू नयेत. प्रेतावरची मोतुबाई घेत नाही, मी विचारून ठेवलंय. आणायचंच असेल तर सुती आणावं आणि प्रणिताच्या हातात द्यावं.

माझ्या अंगावर एकच घालायचं. गेल्या चैत्रानंतर मोतुबाईनं एक विरलेलं कापड परत पाठवलं. "आता यातून फुलं गळतात," असा निरोप होता. थोरल्याखाली अंथरायचं ते. कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. पिवळे डाग आहेत आणि मोहाचा वास आहे, मी धुवू दिलेलं नाही.

ते माझं माहेरचं लुगडं. इंदुताई आल्या तर नाक दाबतील. दाबू द्यावं.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या समोर सही केली आहे.

सही: जयवंता एकनाथराव देवसरकर

साक्षीदार:
१. डॉ. पद्मावती, विद्यानगर
२. हणमंतराव, निवृत्त शिक्षक, विद्यानगर

स्थळ: हैदराबाद
दिनांक: २२ फेब्रुवारी १९९७