चेहरा माझा, उभी तू

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझ्या दोन पत्रांना मी उत्तर दिलं नाही, आणि आज बावीस वर्षांनी लिहायला बसले आहे. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, गाणं केव्हाच सुटलं. नाटक कंपनीत नव्या मुलींना उच्चार शिकवते. माझ्यामागे त्या मला ‘तोफ’ म्हणतात.

आपले चित्रकार गेल्या महिन्यात गेले. शेवटी हात इतका थरथरायचा, की ब्रश धरवत नव्हता.

त्यांना नाटकातला माझा चेहरा आवडला होता. पण नदीतून वर येणाऱ्या देवीच्या चित्रासाठी तासन्‌तास उभं कोण राहणार? मला तालमी होत्या. मग मी तुला पुढे केलं. ओलं लुगडं, एक खांदा उघडा, पायाखाली स्टूल. एकदा चक्कर येऊन पडलीस आणि वर हसून म्हणालीस, “ताई, देव्यांना बसायला देत नाहीत वाटतं?”

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे.

चित्राच्या छापील प्रती निघाल्या तेव्हा तुझी लेक दोन वर्षांची होती. कुणीतरी कुजबुजलं, चित्रासाठी दोघी उभ्या होत्या. तुझा नवरा ती प्रत घेऊन माझ्या रंगपटात आला. माझा अर्धाच रंग लावून झाला होता.

“चेहरा तुमचा आहे. बाकीची कोण?”

‘मीच’ म्हटलं असतं तर विषय संपला असता. नटीला लोक आधीच नावं ठेवत होते, त्यात आणखी एक भर. पण त्याच आठवड्यात मालकांनी मला पतिव्रता राणीची भूमिका दिली होती आणि बजावलं होतं, आता एक जरी बोभाटा झाला तरी ती दुसरीला जाईल.

मी आरशातूनच म्हणाले, “मला काय विचारता? तिला विचारा.”

तुला खोटं बोलता येत नाही, हे मला माहीत होतं. माहीत असूनच मी म्हणाले.

तू खरं ते सांगितलंस. त्याने तुला नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढलं, पोर ठेवून घेतली. त्या संध्याकाळी मी राणी म्हणून उभी राहिले. टाळ्या पडल्या.

परवा तुझी लेक माझ्याकडे आली होती. हनुवटी अगदी तुझी. तू चित्रकाराबरोबर पळून गेलीस, असं तिला घरचे सांगत आलेत. मी सगळं खरं सांगितलं. तिने एवढंच विचारलं,

“मावशी, तुम्ही ‘मीच’ का नाही म्हणालात?”

“भूमिका हवी होती.”

तिने पुढ्यातला चहा बाजूला सारला. दारापाशी जाऊन, माझ्याकडे न बघता म्हणाली, “आईचा पत्ता द्या.”

तुझ्या पत्रांवरचा पत्ता लिहून दिला. रविवारी ती तुझ्याकडे येते आहे. माझ्याबद्दल ती जे सांगेल ते खरं मान. माफी मागायला मी येणार नाही. तुम्हा दोघींच्या मध्ये आणखी एकदा उभी राहणार नाही.

जिला तू ताई म्हणायचीस, ती